मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इजिप्त: जावं का, आणि गेलो तर उन्हाचं काय करायचं?

आर्द्रा_नाशिक

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्हाला इजिप्तला जायचंय. आम्ही म्हणजे मी, नवरा, मुलगा (वय 9) आणि माझे आई-बाबा. बाबा 70 चे, शुगर आहे, रात्री इन्सुलिन घेतात पण चालायला ठणठणीत, रोज पहाटे चार किलोमीटर होतातच. आई 65, बीपीची गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा दुखतो, जिने नको म्हणते.

खरं सांगायचं तर हे सगळं बाबांसाठी चाललंय. सातवीत असताना त्यांनी पेपरातला एक फोटो कापून ठेवला होता, अबू सिंबेलच्या देवळावरच्या रामसेस राजाच्या पुतळ्याचा चेहरा क्रेनने वर उचलतायत तो. कात्रण अजून त्यांच्या वहीत आहे, पिवळं पडलंय आणि घडीवर फाटलंय. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला पण देशाबाहेर कधी गेले नाहीत. आता गुडघे आणि तब्येत साथ देतायत तोवर त्यांना ते देऊळ दाखवायचंच असं मी आणि नवऱ्याने ठरवलंय.

अडचण अशी की मुलाची शाळा आणि नवऱ्याची रजा दोन्ही जुळते ती मे मध्ये. एजंटने 9 दिवसांचा प्लॅन दिलाय: कैरो 2 रात्री, त्यातच एक दिवस अलेक्झांड्रिया जाऊन-येऊन, मग विमानाने अस्वान, पहाटे अबू सिंबेल, 3 रात्री नाईल क्रूझ, लक्सर, आणि शेवटी हुरघाडाला 2 रात्री समुद्रावर. कागदावर छान दिसतंय पण माझ्या पोटात गोळा येतोय. मे मध्ये खरंच जमेल का? आई पिरॅमिडच्या आत जाऊ शकेल का? आम्ही चौघं शाकाहारी आहोत (मुलगा अंडं खातो), जेवणाचे हाल होतील का? आणि पैसे रोख न्यायचे की कार्ड? ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन हा प्रवास केलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

निळाई

आर्द्रा, मी नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं कैरोत राहिलेय, मआदी भागात, आणि त्या काळात दोन्हीकडचे आई-बाबा, मावशी, नणंद असे सगळे येऊन गेले त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चालवून घे.

पहिलं म्हणजे मे नको. एकट्या कैरोपुरतं असतं तर मी हो म्हटलं असतं, तिथे मे मध्ये दुपारी 32-33 असतं आणि संध्याकाळी वारा सुटतो. पण तुमचा अर्ध्याहून जास्त प्लॅन दक्षिणेत आहे. लक्सर आणि अस्वानला मे मध्ये रोजचं 38 ते 40, आणि चढलं की 44. त्यात मार्च ते मे खमसीन नावाचा वारा असतो, वाळवंटातून धूळ घेऊन येणारा गरम वारा, तो सुटला की आभाळ पिवळट होतं, सूर्य ट्यूबलाइटसारखा फिका दिसतो, दारं-खिडक्या बंद केल्या तरी रात्री उशीवर बारीक वाळू लागते. विमानंसुद्धा लेट होतात कधीकधी. मुलाला मजा वाटेल पण बीपी आणि शुगर असलेल्यांना तो दिवस खोलीतच काढावा लागतो, म्हणजे 9 दिवसांतला एक गेला.

दिवाळीची सुट्टी बघ ना. नोव्हेंबरच्या मध्यावर लक्सरला दुपारी 28-30 असतं, रात्री 14-15, पातळ स्वेटर पुरतो. डिसेंबर-जानेवारी हवेला अजून छान पण गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले, नाताळच्या आठवड्यात तर विचारूच नकोस. फेब्रुवारीचा विचार करत असशील तर रमजान बघून घे, 2027 मध्ये तो 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतोय. रमजानात फिरता येतं, संध्याकाळचं कैरो तर बघण्यासारखं असतं, पण बरीच ठिकाणं दुपारी लवकर बंद होतात आणि दिवसा खायची पंचाईत होते, इन्सुलिनवाल्या माणसाला ते सोयीचं नाही.

दुसरं, अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा दोन्ही काढून टाक. अलेक्झांड्रिया एका बाजूने 220 किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास गाडीत आणि बघणं चार तास. हुरघाडासाठी लक्सरहून चार-साडेचार तास वाळवंट तुडवायचं आणि मग परत कैरोला विमान. एजंट लोक हे टाकतात कारण यादी मोठी दिसते. तुमचे बाबा समुद्र बघायला चाललेले नाहीत. त्या तीन दिवसांत कैरो आणि लक्सरला एकेक दिवस वाढव आणि एक दिवस अस्वानला नुसता मोकळा ठेव. अस्वान हे नुसतं बसून राहण्याचं गाव आहे, फलुका म्हणजे शिडाची होडी घ्यायची, संध्याकाळी तासभर नदीत.

पिरॅमिड बघायला गिझाला गेट उघडतं तेव्हाच पोचा. आता नवीन प्रवेशद्वार फयूम रोडच्या बाजूला झालंय आणि आत इलेक्ट्रिक बस फिरतात, त्यामुळे आईंना पूर्वीसारखं वाळूत चालावं लागणार नाही. मोठ्या पिरॅमिडच्या आत मात्र आईंना नेऊ नकोस. चढती वाट जेमतेम 1.2 मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ 40 मीटर कंबरेत वाकून चढायचं, मग उंच गॅलरी लागते ती पण चढच, आणि वर पोचल्यावर एक रिकामी ग्रॅनाइटची पेटी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट, शेकडो लोकांच्या श्वासाची. बाबा आणि मुलगा जाऊ देत, तू आईंबरोबर बाहेर सावलीत बस. उंटवाले मागे लागतील, बसायचंच असेल तर किती वेळ, किती पैसे आणि उतरवण्याचे पैसे त्यातच हे सगळं आधी बोलून घ्या.

बारा वाजले की ऊन सोडून सरळ ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये जा, ते तिथून जवळच आहे. 1 नोव्हेंबर 2025 ला त्याचं अधिकृत उद्घाटन झालं आणि तुतनखामेनच्या थडग्यातल्या सगळ्या वस्तू पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात. एसी आहे, सरकते पट्टे आहेत, बसायला जागा आहे. राजांच्या ममी मात्र तिथे नाहीत बरं का, 2021 मध्ये त्या फुस्तात भागातल्या वेगळ्या म्युझियममध्ये हलवल्या, ते दुसऱ्या दुपारसाठी ठेवा.

पैशांचं: बऱ्याच सरकारी तिकीट खिडक्यांवर आता रोख घेतच नाहीत, कार्ड लागतं. तेव्हा निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करून घे आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेव. बाकी सगळीकडे रोख आणि तीही सुट्टी. व्हिसाचं काम एजंट करेल पण त्यांच्या सरकारी ई-व्हिसा साइटवरचे नियम तू स्वतः एकदा वाच, अमेरिका किंवा शेंगेनचा वापरलेला व्हिसा कुणाकडे असेल तर त्यांना वेगळे नियम लागतात.

संत्रानगरी

ताई, निळाईताईंनी जे लिहिलं त्याला माझा शंभर टक्के दुजोरा. आम्ही नागपूरचे, मे मध्ये 45-46 दरवर्षी बघतो, म्हणून आम्हाला वाटलं आपल्याला काय होणार. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, आई (तेव्हा 67) बरोबर होती. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही, पण त्यांनी आम्हाला लक्सरजवळ राजांच्या दरीत (व्हॅली ऑफ द किंग्ज, जुन्या राजांची थडगी आहेत ती) सकाळी 11 वाजता उतरवलं. आदल्या रात्री मी विचारलं होतं की लवकर का नाही निघायचं तर म्हणे नाश्त्याची वेळ ठरलेली आहे.

ती दरी म्हणजे चारी बाजूंनी चुनखडीचे पांढरे डोंगर आणि एक झाड नाही. ऊन डोक्यावरून येतं तसंच पायाखालून आणि समोरूनही येतं. दोन थडगी बघून झाली, आई म्हणाली मला तर घामच येत नाहीये, इथलं ऊन बरं आहे. मला तेव्हा कळलं नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम येतो आणि त्याच क्षणी उडून जातो, अंग ओलं होतच नाही. आईच्या काळ्या पर्सचा पट्टा जिथे खांद्याला लागत होता तिथे मिठाची पांढरी रेघ उमटली होती, ती मला दिसली आणि तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि खालीच बसली. ओठ कोरडे, बोलणं जरा जड. तिथल्या रखवालदाराने स्वतःची खुर्ची थडग्याच्या तोंडाशी सावलीत आणून ठेवली, कुठूनसा पुठ्ठा आणून वारा घालत उभा राहिला. आम्ही दुपट्टा ओला करून मानेला आणि डोक्याला गुंडाळला, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. तासाभराने ती उठली. तो तास मी विसरू शकत नाही.

मग उरलेले दिवस आम्ही दिवसाचे दोन तुकडे केले. गाइडला सांगितलं की साडेपाचला निघायचं, नाश्ता डब्यात घेऊ, दहाला परत, दहा ते पाच खोलीत, पडदे ओढून झोप. लक्सरचं देऊळ आम्ही रात्री बघितलं, दिवे लागल्यावर, आई सगळ्यात जास्त तिथेच रमली. राजांची दरी सकाळी सहाला उघडते ताई, तेव्हा तिथे गारवा असतो आणि गर्दीच्या बसा आलेल्या नसतात.

गुडघ्यासाठी एक सांगतो, साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात आणि कुठली तीन हे आपण निवडायचं. आईंसाठी रामसेस चौथ्याचं घ्या (क्रमांक 2), जवळ आहे, जवळजवळ सपाट उतार आहे आणि छतावर आकाशदेवी नूतचं चित्र आहे. तिसऱ्या थुतमोसचं (क्रमांक 34) बिलकुल नाही, आधी लोखंडी जिना चढून वर आणि मग आत खोल खाली. तुतनखामेनचं तिकीट वेगळं पडतं, थडगं छोटंसं आहे पण त्याची ममी तिथेच आहे म्हणून मुलाला दाखवाच.

बॅकपॅक_पुणे

मी थोडं वेगळं मत मांडतो. मी आणि माझा मित्र मे मध्येच गेलो होतो आणि आम्हाला ते खूप आवडलं. हॉटेलं निम्म्या भावात, क्रूझवर वरचा डेक आमच्यासाठीच असल्यासारखा, राजांच्या दरीत एका थडग्यात तर दहा मिनिटं आम्ही दोघंच होतो, त्या शांततेत ती चित्रं बघणं हे जानेवारीत कुणाला मिळणार नाही. लक्सरच्या कर्नाक देवळातल्या खांबांच्या दालनात 134 खांब आहेत आणि सकाळी सातला तिथे आम्ही आणि चिमण्या. बजेट कमी असेल तर मे हा पर्याय आहे, फक्त 26 वर्षांच्या पायांनी. आर्द्राताई, तुमच्या ग्रुपला मी पण नोव्हेंबरच सांगेन.

स्टेथो

मी फिजिशियन आहे, इजिप्तला दोनदा जाऊन आले, तेवढ्यापुरतं लिहिते. बाबांच्या आणि आईच्या डॉक्टरांना निघायच्या महिनाभर आधी भेटाच, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळी प्रवासात डोस बघावा लागतो आणि तो स्वतःच्या मनाने बदलायचा नाही.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, चेक-इनमध्ये कधीच नाही. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे ते गोठतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. गाडीत तर पाच मिनिटंही सोडू नका. वेळेचा फरक नोव्हेंबरमध्ये साडेतीन तासांचा आहे (ते आपल्या मागे), रात्रीचा डोस कितीला घ्यायचा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आता हे जरा नीट वाचा: आईंना गुडघ्यासाठी जी वेदनाशामक गोळी दिली आहे तिच्यात ट्रामाडॉल आहे का बघा. आपल्याकडे ते सर्रास लिहून देतात, पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं त्यामुळे लक्षातही येत नाही. इजिप्तमध्ये त्यावर कडक निर्बंध आहेत, 2017 मध्ये एका ब्रिटिश पर्यटक बाईला सामानात ट्रामाडॉल सापडल्यामुळे तुरुंगवास झाला होता. डॉक्टरांना सांगून साधं काहीतरी बदलून घ्या आणि घरातली जुनी पाकिटं बॅगेत चुकूनही टाकू नका.

तिथला रोजचा नाश्ता म्हणजे फूल, बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांची उसळ. कुटुंबात कुणाला जी6पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर त्यांनी ती आणि तिथला फलाफल (त्याच दाण्यांचे वडे) दोन्ही टाळायचं, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात. बाकीच्यांनी पोटभर खा. आणि नाईलमध्ये पाय सोडून बसायचं नाही, संथ पाण्यात बिलहार्झियाची (पाण्यातून त्वचेत शिरणाऱ्या कृमींची) लागण होऊ शकते, फलुकेवाला आग्रह करेल तरी मुलाला उतरू देऊ नका.

ओआरएसची पाकिटं माणशी रोज दोन या हिशोबाने न्या. तहान लागायची वाट न बघता तासातासाला पाणी, आणि बाबांनी साखरवाली सरबतं टाळून पाणी-ताक-सूप यावर भर द्यायचा, ओआरएस लागेल तेव्हाच.

आर्द्रा_नाशिक

बापरे, इतकं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेथो, तुमचं वाचून मी लगेच आईचा औषधांचा डबा उघडला आणि खरंच त्यात ते आहे, गुडघ्याची जी गोळी ती सहा महिने घेतेय तिच्यात. उद्याच डॉक्टरांना फोन करते. संत्रानगरी, तुमच्या आई आता बऱ्या आहेत ना? ते वाचताना मला माझीच आई दिसत होती.

नवऱ्याशी बोलले, तो नोव्हेंबरमध्ये रजेसाठी प्रयत्न करतो म्हणाला. आता दोनच प्रश्न राहिले. अबू सिंबेलला पहाटे तीन-चारला निघायचं म्हणतात, बाबांना ते झेपेल का आणि तिथे नेमकं काय बघायचं, कारण त्यांच्यासाठी तीच खरी यात्रा आहे. आणि जेवणाचं कुणीच नीट सांगितलं नाही, आई घरून भाजणी, मेतकूट, चिवडा सगळं न्यायचं म्हणतेय.

संत्रानगरी

आई एकदम बरी आहे ताई, काल मुलीला इजिप्तचे फोटो दाखवत बसली होती.

निवांत_प्रवासी

आर्द्रा, मी 72 चा, मिसेस 68. आम्ही दोघं एका जानेवारीत स्वतःच्या स्वतः गेलो होतो, दहा रात्री. तुझ्या बाबांच्या वयाचा माणूस म्हणून लिहितो.

अबू सिंबेल अस्वानपासून 280 किलोमीटर, गाडीने साडेतीन तास. पहाटे चारला निघालो की साडेसातपर्यंत पोचतो. गाडीत झोप होते, रस्ता सरळ आहे, मधे एक चहाचं ठिकाण आहे. हॉटेल नाश्त्याचा डबा देतं, त्यात ब्रेड, चीज, उकडलेलं अंडं आणि एक केक असतो, बाबांनी त्यावर विसंबू नये, आदल्या दिवशी दशम्या किंवा पोळीसारखी बलादी भाकर आणि दही घेऊन ठेवा. झेपत नसेल तर अस्वानहून विमान आहे, पाऊण तासाचं, महाग पडतं. आणि तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडला, तिथेच एक रात्र मुक्काम. गाव लहान आहे, चार-दोन राहायची ठिकाणं आहेत, पण सकाळी सहाला तुम्ही देवळासमोर असता आणि बसा यायला अजून तास-दीड तास असतो. तुझ्या बाबांसाठी मी हेच सुचवेन, एक रात्र त्यांच्या आयुष्यभराच्या फोटोपाशी.

बघायचं काय ते सांगतो. 1964 ते 68 मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने ते अख्खं देऊळ करवतीने कापून, हजारावर तुकडे करून, मूळ जागेपासून 200 मीटर मागे आणि 65 मीटर उंच नेऊन जोडलं, कारण अस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी चढत होतं. पुतळ्यांच्या अगदी जवळ जाऊन चेहऱ्यावर आणि छातीवर नीट बघितलं की कापल्याच्या बारीक सरळ रेघा अजून दिसतात. बाबांचं कात्रण बरोबर घ्या आणि तिथे उभं राहून ताडून बघा. डावीकडून दुसऱ्या पुतळ्याचं डोकं आणि धड प्राचीन काळीच भूकंपात पडलंय, ते पायाशी जमिनीवर आहे. देऊळ हलवताना त्यांनी ते तुकडेही जसे पडले होते तसेच नव्या जागी मांडले. मला तिथे खूप वेळ उभं राहावंसं वाटलं, पडझडसुद्धा इतक्या प्रामाणिकपणे जपणारी माणसं होती ती. गाभाऱ्यात चार मूर्ती बसलेल्या आहेत. 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचा किरण आतपर्यंत जातो आणि तिघांवर पडतो, चौथा प्ताह अंधारातच राहतो. त्या दोन तारखांना मरणाची गर्दी असते, म्हणून नोव्हेंबर बरा. शेजारचं राणी नेफरतारीचं देऊळ घाईत चुकवू नका. परतीच्या वाटेवर दहाच्या पुढे दोन्ही बाजूला मृगजळ दिसतं, निळं तळं आणि त्यात टेकड्यांची उलटी सावली, नातवाला खिडकीत बसवा.

क्रूझचं मी जोरात सांगेन, घ्याच. ज्येष्ठांसाठी याच्यासारखी सोय नाही, बॅग एकदा उघडायची, खोली आपल्याबरोबर चालते. फक्त नदीकडची खोली मिळाली म्हणून फार आनंद नको, कारण काठावर बोटी एकाला एक चिकटून लावतात, खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या बोटीची खिडकी, आणि किनाऱ्यावर जायला तीन-चार बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं. कोम ओम्बोचं देऊळ धक्क्यापासून चालत आहे, तिथे मगरींच्या ममी आहेत. एडफूच्या देवळाला धक्क्यापासून घोडागाडीने नेतात, पहाटे खूप धांदल असते, टॅक्सी मागून घ्या. फिलेचं देऊळ बेटावर आहे, तिथे होडीने जावं लागतं आणि होडीत चढताना आईंना दोन्ही बाजूंनी धरा. एस्नाच्या लॉकगेटपाशी (पाण्याची पातळी बदलून बोटी पुढे सोडतात ते दार) बोट थांबली की छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि खालून तीन मजले वर डेकवर पिशवीत घालून कुर्ते-टेबलक्लॉथ फेकतात, पसंत पडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही तर कापड परत फेकायचं. मिसेसनी तिथून एक निळा टेबलक्लॉथ घेतला, अजून वापरात आहे.

जेवण. आईंना सांग, भाजणी ठेवा, खोलीत चूल नसते. चिवडा, मेतकूट, लोणचं, गूळपापडी एवढं पुरे. कोशरी नावाचा पदार्थ गल्लोगल्ली मिळतो, भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर कुरकुरीत तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट-तिखट, पूर्ण शाकाहारी आणि आपल्या तोंडाला लगेच लागतो. फूल आणि तामेय्या (त्यांचा फलाफल, आतून हिरवागार) सकाळी गरम खावा. ताहिनी, वांग्याचं बाबा गनूश, ताजी भाकर, जर्जीर म्हणून एक तिखटसर पालेभाजी. सावध कुठे राहायचं तर मुलुखिया आणि मसुराचं सूप, दोन्ही पालेभाजी-डाळीचं दिसतं पण बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. अस्वानला करकदे प्या, जास्वंदाच्या जातीतल्या फुलाचं लालभडक सरबत, आंबट, आमसुलाच्या सरबताची आठवण येते, बाबांसाठी बिनसाखरेचं सांगा. कापलेली फळं आणि बर्फ टाळा, पाणी सीलबंद.

बक्षीस. शब्द तोच, अर्थही तोच, फक्त तिकडे प्रत्येक छोट्या कामाला द्यावं लागतं. मी रोज सकाळी 5, 10 आणि 20 पौंडांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवायचो (इजिप्शियन पौंड, रुपयातला दर निघताना बघून घे). स्वच्छतागृहात बाई टिश्यू हातात देते, तिला 10. बहुतेक ठिकाणी पाण्याचा जेट असतो, आईंना सांग काळजी नको. थडग्यात रखवालदार हाताने खूण करून कोपऱ्यात बोलावतो, ते नको असेल तर 'ला शुक्रन' म्हणून पुढे चालायचं, थांबायचं नाही. माणसं मुळात फार गोड आहेत, भारतातून आलो म्हटलं की पहिलं नाव अमिताभ बच्चनचं निघतं. खलास, दुकान, साबण, खुर्ची हे शब्द तिकडेही कळतात, नातवाला असे शब्द गोळा करायला वही द्या, आमच्या बोटीवरच्या एका मुलाने बावीस जमवले होते.

बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून एक. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेलं पेरिप्लस नावाचं समुद्रव्यापाराचं पुस्तक आहे त्यात पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, सोपारा आणि कल्याण यांची नावं येतात. त्या व्यापाराचं एक बंदर तांबड्या समुद्रावर बेरेनिके, तिथे उत्खननात बुद्धाची मूर्तीही सापडलीय. त्यांना कदाचित माहीत असेल, पण लक्सरला नदीकाठी बसून हे नातवाला सांगायला त्यांना आवडेल. आणि जायच्या आधी जमलं तर मुलाला बडोद्याच्या म्युझियममधली ममी दाखवून आणा, सयाजीरावांच्या काळात आणलेली आहे, नाशिकहून एका दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारचं काम. ममी म्हणजे काय हे आधी बघितलं असलं की तिकडे तो घाबरणार नाही, प्रश्न विचारेल.

निळाई

काकांनी लिहिलंय त्यात एकच भर घालते, कैरोत शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, सगळं शहर उशिरा उठतं, एरवी जिथे दीड तास लागतो तिथे पंचवीस मिनिटांत पोचाल. तेव्हा कैरोतली शुक्रवार सकाळ गिझासाठी राखून ठेवा. कैरोत उबर वापरा, भावाची घासाघीस वाचते.

आर्द्रा_नाशिक

काका, मी तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पडलेल्या डोक्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं, आत जाऊन वही आणली आणि भिंग घेऊन कात्रणात ते डोकं दिसतंय का बघत बसले. त्यात नाही दिसत, फोटो दुसऱ्याच पुतळ्याचा आहे.

नवऱ्याची रजा मंजूर झाली. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं. अलेक्झांड्रिया, हुरघाडा काढलं. कैरो 3 रात्री (मधे शुक्रवार येईल असं बसवलंय), मग अस्वान 2, अबू सिंबेल 1 मुक्काम, 3 रात्री क्रूझ, लक्सर 2. एजंट म्हणाला की अबू सिंबेलला कुणी राहत नाही, मी म्हटलं आम्ही राहणार. पिरॅमिडच्या आत बाबा आणि मुलगा जातील, मी आणि आई बाहेर. आईची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आणि भाजणी तिने स्वतःहून यादीतून खोडली, गूळपापडी दुप्पट केली. बडोद्याची तिकिटं बघतेय, कुणाला म्युझियम कुठल्या वारी बंद असतं माहीत असेल तर सांगा.